डायनामो ते अल्टरनेटर : मोटारीतल्या ॲम्पिअरचा इतिहास

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या एका अंगाला पट्ट्यावर फिरणारे एक गोल यंत्र दिसते. तोच अल्टरनेटर. त्याच्या पाठीवर एक लहानशी पट्टी असते आणि तिच्यावर ‘१४ व्ही ४५/९० ए’ अशा धर्तीचा मजकूर असतो. दुकानदार यातला एकच आकडा सांगतो, ‘नव्वदचा आहे’. आधीच्या पंचेचाळीसबद्दल तो बोलत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. प्रस्तुत पाठात आपण या दोन आकड्यांचा इतिहास पाहणार आहोत. मोटार वेगात असताना वीज तयार करणे कधीच फारसे अवघड नव्हते. गाडी उभी आहे, इंजिन हळू फिरते आहे आणि तरीही दिवे, पंखे, रेडिओ चालू ठेवायचे आहेत, हा खरा प्रश्न होता. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला तो मुख्यतः या प्रश्नामुळे.

मॅग्नेटो आणि मंद होणारा दिवा

सुरुवातीच्या मोटारींना वीज लागत होती ती फक्त ठिणगीसाठी. इंजिन हाताने हँडल मारून सुरू करायचे आणि पुढचे दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळायचे. आपल्याकडे जत्रेतल्या फेरीवाल्यांकडे पुढे कित्येक वर्षे जे कार्बाइडचे दिवे दिसत, त्यांचेच हे भाऊबंद. ठिणगीसाठी बॅटरी किंवा मॅग्नेटो पुरेसा होता.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत मॅग्नेटो इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच बसवलेला होता. १९१५ च्या सुमारास या गाडीला विजेचे हेडलाइट आले आणि त्यांना वीज थेट त्या मॅग्नेटोतून दिली गेली. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. गाडी पळत असली की दिवा लख्ख, आणि अंधाऱ्या वळणावर चालकाने वेग कमी केला की दिवाही मंद! म्हणजे उजेडाची गरज जेव्हा सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच तो कमी. ज्यांनी जुनी बजाज चेतक चालवली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घाटात उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की हेडलाइट पिवळा पडायचा आणि स्वार क्लच दाबून उगाच रेस देत उजेड वाढवायचा. दोन्हींमागचे तत्त्व एकच आहे. चुंबकीय क्षेत्रात वेटोळे जितक्या वेगाने फिरेल तितका त्यात निर्माण होणारा विद्युतदाब जास्त.

१९१२ ची कॅडिलॅक

हँडलपासून सुटका केली ती चार्ल्स केटरिंग यांनी. केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडण्याचे काम त्यांनी तिथे केले होते. गल्ला उघडायला मोटर क्षणभरच चालते, म्हणून लहान मोटरवरही थोडा वेळ पुष्कळ भार टाकता येतो, हे त्यांना ठाऊक होते. मोटारीचे इंजिन सुरू करायलाही काही सेकंदच पुरतात. या विचारातून त्यांच्या डेल्को कंपनीने तयार केलेली यंत्रणा १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसली. त्यात एकच यंत्र आधी मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि इंजिन सुरू झाले की जनित्र म्हणून बॅटरी भरी. सुरू करताना २४ व्होल्ट आणि भरताना ६ व्होल्ट अशी बॅटरीची जोडणी आपोआप बदलत असे.

पुढे बहुतेक कारखान्यांनी स्टार्टर आणि डायनामो ही दोन यंत्रे वेगळी केली. स्टार्टरला फार मोठा प्रवाह थोडा वेळ हवा असतो, डायनामोला लहान प्रवाह सतत द्यायचा असतो. एका यंत्राकडून दोन्ही कामे उत्तम करून घेणे त्या काळी परवडत नव्हते.

तिसरा ब्रश आणि मालकाचा अंदाज

डायनामोची रचना थोडक्यात अशी. बाहेर स्थिर विद्युतचुंबक, आत फिरणारे आर्मेचर. वीज आर्मेचरमध्ये तयार होते, ती कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर येते आणि कार्बन ब्रशांमधून बाहेर पडते. कॉम्युटेटरमुळे प्रवाह एकाच दिशेने मिळतो आणि बॅटरीला तोच चालतो. तयार झालेला सगळा प्रवाह त्या घासणाऱ्या ब्रशांमधूनच जातो, ही बाब लक्षात ठेवावी. पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे.

इंजिनाचा वेग सतत बदलतो, मग डायनामोचा प्रवाह आवरायचा कसा? १९२० च्या दशकातले प्रचलित उत्तर म्हणजे तिसरा ब्रश. क्षेत्र-वेटोळ्याला वीज या जादा ब्रशातून दिली जाई. वेग वाढला की आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे क्षेत्र विस्कटे आणि तिसऱ्या ब्रशावरचा दाब घटे. त्यामुळे प्रवाह मध्यम वेगाला सर्वाधिक होऊन पुढे कमी होत जाई. साधारण १० ते २० ॲम्पिअर प्रवाह मिळे, तोही ६ व्होल्टवर.

गंमत अशी की हा तिसरा ब्रश मागेपुढे सरकवता येई आणि त्याची जागा ठरवणे हे मालकाचे काम समजले जाई. हिवाळ्यात रात्रीचा प्रवास अधिक असेल तर प्रवाह वाढवा, उन्हाळ्यात दिवसा लांब जायचे असेल तर कमी करा. नाहीतर बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरून तिच्यातले पाणी उकळून जाई. लांबच्या प्रवासात भर उन्हात हेडलाइट लावून जाणारे चालक त्या काळी वेडे नव्हते. जास्तीची वीज खर्च करण्याचा तो सोपा उपाय होता. ‘आपल्या गाडीला किती ॲम्पिअर योग्य’ हा प्रश्न आज आपण गॅरेजमध्ये विचारतो; शंभर वर्षांपूर्वीचा मालक त्याचे उत्तर ऋतूनुसार पाना हातात घेऊन देत होता.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळे रेग्युलेटर रूढ होत गेले. विद्युतचुंबकाने उघडझाप करणारे स्पर्शबिंदू क्षेत्राचा प्रवाह सेकंदाला अनेकदा तोडून जोडत आणि दाब काबूत ठेवत. त्याच डबीत कटआउटही असे. इंजिन हळू असताना डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो आणि वीज उलटी डायनामोत शिरू पाहते, तेव्हा कटआउट ती वाट तोडतो. डॅशबोर्डवरच्या ॲमीटरचा काटा आयडलिंगला उणे बाजूला झुकलेला दिसे, त्याचे कारण हेच. गाडी उभी असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नसे. दिवे जळत ते बॅटरीवर.

मग डायनामो जास्त वेगाने का फिरवला नाही? लहान पुली लावली असती तर आयडलिंगलाही वीज मिळाली असती. अडचण ही की महामार्गावर तोच डायनामो बेफाम फिरला असता. आर्मेचर जड असते, त्याच्या वेटोळ्यांतून आणि कॉम्युटेटरच्या पट्ट्यांवरून सगळा प्रवाह जातो. अति वेगात पट्ट्या सुटतात, ब्रश उडतात, ठिणग्या पडतात. म्हणजे वरच्या वेगाची मर्यादा खालच्या वेगाला जाचत होती.

व्होल्टेज सांगितल्याशिवाय ॲम्पिअरचा आकडा अपुराच असतो, हेही येथे सांगायला हवे. ६ व्होल्टवर ४० ॲम्पिअर म्हणजे २४० वॅट. १२ व्होल्टवर तेवढ्याच शक्तीला २० ॲम्पिअर पुरतात. १९५३ ते १९५६ या काळात बहुतेक अमेरिकी गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. मोठी व्ही-एट इंजिने फिरवणारा स्टार्टर हे त्याचे मोठे कारण होते. फोक्सवॅगन बीटल मात्र १९६७ पर्यंत ६ व्होल्टवर रेंगाळली.

पोलिसांचा रेडिओ

उभ्या गाडीला वीज हवी अशी तक्रार सामान्य ग्राहकाआधी पोलिसांनी केली. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत संदेश ऐकण्याचे रेडिओ बसवले. पुढे दुतर्फा बोलणारे रेडिओ आले. व्हॅक्युम ट्यूबचा तो प्रेषक बॅटरीतून भरमसाट प्रवाह ओढी आणि गस्तीची गाडी तर तासन् तास एका कोपऱ्यावर उभी. रुग्णवाहिका आणि शहरी बस यांचेही तसेच होते. क्लीव्हलंडच्या लीस-नेव्हिल कंपनीने १९४० च्या दशकात अशा गाड्यांसाठी अल्टरनेटर विकायला आणला.

अल्टरनेटरची कल्पना डायनामोच्या उलट आहे. चुंबक फिरतो आणि वीज तयार करणारी वेटोळी बाहेर स्थिर असतात. फिरणाऱ्या रोटरला फक्त चुंबकत्वापुरता, म्हणजे तीन-चार ॲम्पिअर प्रवाह लागतो. तो दोन गुळगुळीत कड्यांवरून जातो, कॉम्युटेटरच्या खाचा तिथे नसतात. मुख्य प्रवाह स्थिर वेटोळ्यांतून थेट तारेने बाहेर पडतो. त्यामुळे रोटर मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांनी फिरवला तरी बिघडत नाही. साहजिकच लहान पुली लावून त्याला इंजिनाच्या दोन ते तीन पट वेगाने फिरवता येते आणि आयडलिंगलाही तो वीज देऊ लागतो. पोलिसांना हवे होते ते हेच.

अडचण एकच होती. बाहेर येणारा प्रवाह प्रत्यावर्ती, तोही त्रिकला. बॅटरीला मात्र एकदिश प्रवाह हवा. लीस-नेव्हिलने सेलेनियमचे रेक्टिफायर वापरले. ते आकाराने मोठे, किमतीने जड आणि उष्णतेला नाजूक. घरगुती मोटारीत ते शोभणारे नव्हते.

सिलिकॉनने दिलेली संधी

ही कोंडी मोटार कारखान्यांनी फोडली नाही, ती अर्धवाहकांच्या उद्योगाने फोडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनचे डायोड पुरेसे दणकट आणि स्वस्त झाले. बोटाच्या पेराएवढे सहा डायोड अल्टरनेटरच्या पाठीतच बसू लागले. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि १९६१ मध्ये आपल्या सर्व गाड्यांत आणला. जनरल मोटर्सचा डेल्कोट्रॉन १९६३ चा. ब्रिटनमध्ये १९६४ च्या ४.२ लिटरच्या जॅग्वार ई-टाइपला लुकासचा अल्टरनेटर होता, तर एमजीबीला तो १९६७ अखेर मिळाला.

डायोडने एका दगडात आणखी एक पक्षी मारला. तो वीज उलटी जाऊच देत नाही, म्हणून कटआउटची गरज संपली. शिवाय अल्टरनेटर आपल्या कमाल प्रवाहापलीकडे जात नाही. वेग वाढतो तसा वेटोळ्यांचा प्रवर्तनामुळे होणारा विरोधही वाढतो आणि प्रवाह एका मर्यादेला टेकतो. डायनामोला जाळण्यापासून वाचवायला प्रवाहाचा वेगळा रेग्युलेटर लागे. अल्टरनेटरला दाबाचा एक रेग्युलेटर पुरतो. पुढे तोही ट्रान्झिस्टरचा होऊन यंत्राच्या आतच गेला.

आकडे पाहिले तर लुकासचा सी४० डायनामो २२ ॲम्पिअरचा होता. त्याच कंपनीचा १६एसीआर अल्टरनेटर ३४ चा, १७एसीआर ३६ चा. बावीस आणि चौतीस यांत क्रांती म्हणावी असे काही दिसत नाही, आणि कमाल आकड्यांची तुलना करणारे इथेच फसतात. आयडलिंगला सी४० शून्याच्या आसपास होता, अल्टरनेटर तेव्हाही बरेच काही देत होता.

भारतात काय झाले

भारतात हे संक्रमण उशिरा आणि संथ झाले. उत्तरपाड्याची अँबॅसॅडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, तर मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी मूळची फिॲट ११००. दोन्हींचे आराखडे १९५० आणि १९६० च्या दशकांतले आणि दोन्ही डायनामोच्या जमान्यातले. परवाना पद्धतीत नवे मॉडेल आणणे कठीण असल्याने यंत्रणा बदलण्याचा दबाव नव्हता. सुट्या भागांचा देशी उद्योग मात्र उभा राहत होता. मद्रासजवळ पाडी येथे १९६१ मध्ये सुरू झालेला लुकास-टीव्हीएस हा त्यातला ठळक कारखाना. त्यामुळे डायनामो, कटआउट, कार्बन ब्रश हे शब्द आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांच्या बोलीत इतके रुजले की आजही अनेक ठिकाणी अल्टरनेटरला ‘डायनामो’च म्हणतात.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती अल्टरनेटर घेऊनच. त्यानंतर गॅरेजमधल्या जुन्या सवयींनी काही काळ नुकसान केले. डायनामो भरतो की नाही हे पाहायला चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून बघण्याची पद्धत होती. अल्टरनेटरवर हाच प्रयोग घातक ठरतो. बॅटरी अचानक सुटली की रोटरचे चुंबकत्व लगेच ओसरत नाही आणि क्षणभर दाब कित्येक पटींनी उसळतो. डायोड, रेग्युलेटर आणि नंतरच्या गाड्यांत संगणकही त्यात जातो. बॅटरी उलटी जोडली तरी डायोड जळतात. आज मल्टिमीटर अगदी स्वस्तात मिळतो. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की भरणी ठीक आहे.

पट्टीवरचे दोन आकडे

आता पाठाच्या सुरुवातीची पट्टी वाचू. अल्टरनेटरची चाचणी आयएसओ ८८५४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. मोठा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेरे फिरत असताना, १३.५ व्होल्टला, सुमारे २३ अंश तापमानाच्या हवेत मिळणारा प्रवाह सांगतो. बॉश पद्धतीच्या पट्टीवरचा लहान आकडा त्याहून कितीतरी कमी, आयडलिंगच्या आसपासच्या फेऱ्यांचा असतो. फेरे अल्टरनेटरचे आहेत, इंजिनाचे नव्हेत. पुलीचे प्रमाण अडीच असेल तर इंजिनाच्या ७५० फेऱ्यांना अल्टरनेटर १८७५ फेरे घेतो. म्हणजे उभ्या गाडीची स्थिती लहान आकड्याच्या जवळची असते. त्यात बॉनेटखालची हवा २३ अंशांच्या कितीतरी वर. तांबे तापले की रोध वाढतो आणि प्रवाह आणखी घटतो.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. जुलै महिना, रात्र, मुंबईसारख्या शहरातली कोंडी. दोन हेडलाइट ११० वॅट, मागचे व बाजूचे दिवे ३०, वायपर ५०, एसीचा ब्लोअर १५०, कॉम्प्रेसरचा क्लच ४५, रेडिएटरचा पंखा १८०, पेट्रोलपंप, इंजेक्शन आणि ठिणगी मिळून १५०, संगीत ३५. बेरीज ७५० वॅट. तिला १३.५ ने भागले की साडेपंचावन्न ॲम्पिअर. ‘नव्वदचा’ अल्टरनेटर आयडलिंगला पंचेचाळीसच देत असेल तर ताशी सुमारे दहा ॲम्पिअर-तास बॅटरीतून जातात. ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीन तासांच्या कोंडीत जवळजवळ रिकामी होईल, तीही नवी असल्यास. महामार्गावर याच गाडीत बरीच वीज शिल्लक पडून राहते. म्हणून निवड करताना भाराची तुलना लहान आकड्याशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या आकड्याशी तुलना करून घेतलेला अल्टरनेटर भारतीय शहरात तोकडा पडण्याचा संभव अधिक.

मग थेट दीडशेचा बसवावा का? मोठा अल्टरनेटर जास्त वीज ‘ढकलून’ उपकरणे जाळतो ही समजूत चुकीची आहे. रेग्युलेटर दाब कायम ठेवतो आणि उपकरणे आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेतात. धोका निराळ्या ठिकाणी आहे. ४५ ॲम्पिअरसाठी घातलेल्या मूळ तारेतून ९० ॲम्पिअर गेले तर तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. बॅटरी खोल उतरलेली असेल किंवा ॲम्प्लिफायर आणि जादा दिवे लावले असतील, तर तो प्रवाह खरोखर वाहतो. तेव्हा मुख्य तार, तिचा फ्यूज आणि बॉडीला जाणारी अर्थिंग यांचा विचार अल्टरनेटरबरोबरच करावा लागतो. पट्ट्याचेही तसेच आहे. १४ व्होल्टला ९० ॲम्पिअर म्हणजे १२६० वॅट. साठ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता धरली तर इंजिनाकडून सुमारे २१०० वॅट, म्हणजे जवळपास तीन अश्वशक्ती घेतली जाते. अरुंद किंवा ढिला पट्टा तेवढा भार पेलत नाही, तो घसरतो आणि किंचाळतो. शिवाय काही मोठे अल्टरनेटर कमाल आकड्यासाठी बांधलेले असतात आणि आयडलिंगला मूळच्या लहान यंत्राइतकेही देत नाहीत. विकणाऱ्याकडे वेग आणि प्रवाह यांचा आलेख मागावा.

२००० च्या सुमारास जपानच्या डेन्सो कंपनीने स्टेटरमध्ये गोल तारेऐवजी चौकोनी तांब्याचे तुकडे वापरले. खाचांत तांबे दाटीने बसले, त्यामुळे त्याच आकारात जास्त प्रवाह मिळू लागला. त्याच काळात ४२ व्होल्टवर जाण्याची मोठी चर्चा झाली, पण स्विचांतल्या ठिणग्या आणि खर्च यांपुढे ती विरली. नंतर ४८ व्होल्टच्या रूपाने ती परतली. भारतात २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझ डिझेलमध्ये एसएचव्हीएस यंत्रणा आली, १२ व्होल्टचीच. पट्ट्यावरचे एकच यंत्र थांबलेले इंजिन पुन्हा सुरू करी, वेग घेताना त्याला हातभार लावी आणि ब्रेक मारताना बॅटरी भरी. एका यंत्राकडून दोन कामे करून घेण्याचा केटरिंग यांचा १९१२ चा मार्ग ट्रान्झिस्टर आणि संगणक हाताशी आल्यावर पुन्हा खुला झाला.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत अल्टरनेटर नाही. १२ व्होल्टची लहान बॅटरी मात्र बहुतेकींत अजून आहे आणि ती मोठ्या बॅटरीवरून डीसी-डीसी कन्व्हर्टरने भरली जाते. त्याचा आकडाही ॲम्पिअरमध्येच सांगतात, पण तो गाडीच्या वेगावर अवलंबून नसतो. सिग्नलला उभी असतानाही तो तेवढाच मिळतो.